फर्स्ट इयरचं केमिस्ट्री आम्ही नव्याने कसं लावलं

बीएस्सी फर्स्ट इयरला जुलैमध्ये जो वर्ग असतो, तो सप्टेंबरपर्यंत तसाच राहत नाही. इंजिनिअरिंग, फार्मसीच्या कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, चालू असतात. प्रत्येक राउंडनंतर काही मुलं निघून जातात, काही नवी येतात. उशिरा आलेल्याला फळ्यावरचं काहीच लागत नाही आणि विचारायची लाज वाटते. पहिल्या सेममध्ये विषय राहतो तो बरेचदा इथूनच.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण आलं. सेमला २२ क्रेडिट, त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडायचा विषय आणि बाकीचं सगळं. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, तिथे आमचं चालत नाही. पण कोणतं युनिट आधी घ्यायचं, इंटर्नल परीक्षा कधी, प्रॅक्टिकलच्या बॅच कशा पाडायच्या, हे विभागाच्या हातात असतं. आम्ही तेवढंच बदललं.

एकावर एक रचलेली युनिटं मागे नेली. सुरुवातीला असे भाग घेतो की मधूनच आलेल्यालाही बसल्या दिवसापासून कळावं. आणि प्रॅक्टिकल पहिल्याच आठवड्यात सुरू. अकरावी-बारावीची दोन वर्षं कोचिंगमध्ये गेलेली कितीतरी मुलं ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची काचेची उभी नळी, पहिल्यांदा आमच्याकडे हातात धरतात. म्हणून आधी नुसतं पाणी भरून सराव. डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा, खालच्या वक्राचं रीडिंग घ्यायचं, खालची तोटी डाव्या हाताने फिरवायची. मग ॲसिड-अल्कलीचं टायट्रेशन. फिनॉल्फ्थॅलीन टाकलेल्या फ्लास्कमध्ये शेवटचा एक थेंब पडतो आणि फिकट गुलाबी रंग टिकतो. थोडं जास्त पडलं की गडद राणी रंग. भिवापूरकडची एक मुलगी तो फ्लास्क माझ्यापासून लपवून राहिली होती. तिला म्हटलं, “लपवू नको बेटा, रीडिंग वहीत लिही, पुन्हा कर.” तिसऱ्यांदा जमलं तेव्हा तिने शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवलं.

पहिली चाचणी आता पोळ्याच्या आधी, दहाच मार्कांची. पेपर त्याच आठवड्यात परत, प्रत्येकावर एक ओळ लिहून: कुठे अडलं, काय वाचायचं. उत्तर मराठीत लिहिलं तरी चालतं. संज्ञा तेवढ्या इंग्रजी. काटोल, उमरेडहून एसटीने येणाऱ्यांची प्रॅक्टिकल बॅच सकाळची केली, कारण दुपारची बॅच संपेपर्यंत त्यांची गाडी निघून जायची. एवढ्या साध्या गोष्टीने हजेरी सुधारली.

एक गोष्ट मात्र विभागाच्या आवाक्याबाहेरची आहे. पदं रिकामी असली की फर्स्ट इयरचे तास सीएचबीवरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या, शिक्षकांकडे जातात. शिकवतात ते मनापासून, पण नेमणुकीची ऑर्डर हातात येईस्तोवर सेमचे कितीतरी आठवडे निघून जातात. ज्या मुलांना पहिल्या दिवशी शिक्षक हवा, त्यांच्याच वर्गात तो सगळ्यात उशिरा पोचतो. ही ऑर्डर जूनमध्ये निघालीच पाहिजे.