एक टक्का इथेनॉल

ट्रायमेथोप्रिम धरून ठेवणारा पॉलिमर आमच्या लॅबमध्ये एव्हाना हातखंडा झाला होता. दुधाच्या नमुन्यातून हे प्रतिजैविक वेगळं काढायचं आणि एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजायचं, त्यासाठी तो लागतो. युरोपात दुधातली त्याची मर्यादा किलोला 50 मायक्रोग्रॅम आहे. इतक्या कमी मात्रेला प्रथिनं आणि स्निग्धांशाच्या गर्दीतून नेमका तोच रेणू उचलावा लागतो. त्या दिवशी नव्या बॅचची क्लोरोफॉर्ममधल्या औषधाच्या द्रावणात चाचणी लावली, तर पॉलिमरने औषध जवळजवळ धरलंच नाही. औषधाचाच रेणू साचा म्हणून घालून त्याच्याभोवती पॉलिमर घडवायचा आणि मग औषध धुऊन काढायचं, की त्याच्या आकाराच्या पोकळ्या उरतात: हा एमआयपी. साच्याविना केलेला तो एनआयपी. या दोघांच्या निकालात फरकच दिसेना. एनआयपीपेक्षा एमआयपी सरस ठरला नाही, तर साच्याचा खटाटोप व्यर्थच.

कृती ठरलेली होती. ट्रायमेथोप्रिम बेस 290 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). बेसच घ्यायचा, त्याचा क्षार नको. औषधाला धरणारं मेथाक्रिलिक आम्ल 344 मिलिग्रॅम, म्हणजे 4 मिलिमोल. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर ईजीडीएमए 3.96 ग्रॅम, म्हणजे 20 मिलिमोल. क्लोरोफॉर्म 6 मिलिलिटर, अभिक्रिया सुरू करणारं एआयबीएन 40 मिलिग्रॅम. बर्फात ठेवून पाच मिनिटं नायट्रोजन सोडायचा, नळी सील करायची आणि 4 अंशांवर 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली रात्रभर ठेवायची. 60 अंशांच्या वॉटर बाथमध्येही हे पॉलिमर होतं, पण क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळतो आणि गरमीत हायड्रोजन बंध ढिले पडतात. म्हणून थंडीतलं काम बरं. मग गोळा फोडून दळायचा, 25 ते 50 मायक्रॉनचा भाग चाळून घ्यायचा, ॲसिटोनमध्ये ढवळून तरंगणारी बारीक भुकटी ओतून टाकायची. शेवटी सॉक्सलेटमध्ये (तोच द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणारं उपकरण) मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल 9:1 प्रमाणात घेऊन धुलाई, आणि त्यानंतर नुसतं मिथेनॉल. ही दुसरी धुलाई टाळली, तर मागे राहिलेलं ॲसिटिक आम्लच पोकळ्या अडवून बसतं.

ट्रायमेथोप्रिमच्या पिरिमिडिन वलयावर अमिनो गट आणि वलयातला नायट्रोजन शेजारीशेजारी असतात. समोर कार्बोक्सिलिक आम्ल आलं की अमिनोचा हायड्रोजन आम्लाच्या ऑक्सिजनला धरतो, आम्लाचा हायड्रोजन वलयातल्या नायट्रोजनला. एका जागी दोन बंध. जिवाणूही याच जोडीने अडकतो: ई. कोलायच्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या एन्झाइममध्ये 27व्या क्रमांकाचं ॲस्पार्टिक आम्ल ट्रायमेथोप्रिमच्या याच कडेला धरून बसतं. आपण भांड्यात जे करतो ते एन्झाइममध्ये आधीच घडलेलं आहे.

तर गेलं कुठे? आधी संशय धुलाईवर गेला, कारण पोकळीत साचा अडकून राहिला की नवा रेणू जाणार कसा? पण सॉक्सलेटच्या शेवटच्या मिथेनॉलमध्ये 271 नॅनोमीटरवर (या तरंगलांबीचा प्रकाश औषध शोषतं) काहीच दिसत नव्हतं, आणि पहिल्या धुलाईत साच्याचा बहुतेक हिशेब लागला होता. मग दिवा तपासला, तोही ठीक. मुळात बंध जुळतो की नाही हे पाहायला एनएमआरवर (रेणूतल्या हायड्रोजनचे संकेत शिखरांच्या रूपात दाखवणारं यंत्र) टायट्रेशन केलं: ड्युटेरेटेड, म्हणजे जड हायड्रोजनच्या, क्लोरोफॉर्ममध्ये ट्रायमेथोप्रिम आणि वाढत्या प्रमाणात मेथाक्रिलिक आम्ल. अमिनोचं शिखर प्रत्येक भरीला डावीकडे सरकत गेलं, म्हणजे बंध ठणठणीत. तरीही पॉलिमर औषध धरेना, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की झालं.

मार्ग सापडला तो उलटसुलट चाचणीने. जुन्या बॅचचा पॉलिमर नव्या बाटलीच्या क्लोरोफॉर्ममध्ये ठेवला, आणि तोही पडला! नव्या बॅचचा पॉलिमर जुन्या बाटलीच्या उरलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये ठेवला, तर जुन्यापेक्षा किंचित कमी, पण चांगला धरला. पॉलिमर निर्दोष होता, उगाच त्याच्यावर खापर फुटलं होतं. दोन्ही बाटल्यांची लेबलं शेजारी ठेवून वाचली. जुन्या क्लोरोफॉर्ममध्ये स्टॅबिलायझर (क्लोरोफॉर्म बिघडू न देणारा पदार्थ) म्हणून अमायलीन होतं, नव्यात सुमारे 1 टक्का इथेनॉल. ग्रेड वेगळी असल्याचं पुरवठादाराने कळवलं नव्हतं.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून मोल मोजायचे. चाचणीत 20 मिलिग्रॅम पॉलिमर आणि 0.1 मिलिमोलर द्रावण 2 मिलिलिटर असतं. औषध 0.2 मायक्रोमोल. पॉलिमरमधले सगळे आम्लगट धरले तरी 19 मायक्रोमोलच्या आसपास. इथेनॉल 20 मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे 340 मायक्रोमोल. औषधाच्या एका रेणूमागे सतराशे, आम्लगटामागे अठरा. इथेनॉलही आम्लगटाशी हायड्रोजन बंध जोडतं. ट्रायमेथोप्रिमचे दोन बंध इथेनॉलच्या एका बंधापेक्षा बळकट खरे, पण संख्येपुढे काय चालणार? पॉलिमर तयार होताना मात्र 6 मिलिलिटरमध्ये इथेनॉल 1 मिलिमोलच होतं, औषधाइतकंच, आणि औषधही तिथे हजारपट दाट होतं. म्हणून पोकळ्या बऱ्यापैकी घडल्या. अमायलीन हायड्रोकार्बन, त्यात ऑक्सिजनही नाही, नायट्रोजनही नाही. त्यामुळे ते या स्पर्धेत उतरत नाही. आणि एनएमआरने दिशाभूल का केली, तेही उलगडलं: ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये इथेनॉल नसतंच, आमच्या बाटलीत तर स्थैर्यासाठी चांदीची पट्टी होती. खात्रीसाठी नव्या बाटलीचे दोन थेंब त्यात घातले. एनएमआरच्या मोजपट्टीवर 1.25 आणि 3.7 पीपीएमला इथेनॉलची शिखरं स्वच्छ उभी राहिली.

इथेनॉल काढणं सोपं आहे. क्लोरोफॉर्म निम्म्या आकारमानाच्या पाण्याने तीनदा धुवायचा, निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर वाळवायचा, मग बेसिक ॲल्युमिनाच्या कॉलममधून सोडायचा. वाळवण्यात हयगय नको, कारण पाण्याने संपृक्त क्लोरोफॉर्ममध्ये लिटरमागे सुमारे 0.8 ग्रॅम पाणी असतं, म्हणजे 45 मिलिमोलर. हा स्पर्धकही काही लहान नव्हे. पावसाळ्यात बाटली उघडी ठेवणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावं. वाळवायला सोडियम कधीही वापरू नये, क्लोरोफॉर्मबरोबर त्याचा स्फोट होतो. आणि स्टॅबिलायझर काढलेला क्लोरोफॉर्म साठवायचा नाही. उजेडात आणि हवेत त्यात फॉस्जीन तयार होतो, तेव्हा फ्यूम हूडमध्ये, गडद बाटलीत, त्याच दिवशी संपवायचा.

दुधाच्या नमुन्यात अडचण वेगळी. तिथे पाणीच 50 मोलरच्या घरात, मग हायड्रोजन बंधांची निवड होणार कशी? प्रथिनं काढून पातळ केलेलं दूध पॉलिमर भरलेल्या कार्ट्रिजमधून सोडलं की औषध अडकतं, पण ते बरंचसं पाण्याला टाळणाऱ्या ओढीने आणि आम्लगटावरच्या विद्युतभाराने, शिवाय सोबत बाकीचा कचराही. निवड होते ती पुढे. व्हॅक्युमवर कार्ट्रिज दहा मिनिटं पुरतं वाळवायचं आणि 1 मिलिलिटर डायक्लोरोमिथेनने धुवायचं. कचरा निघून जातो, औषध पोकळीत दोन बंधांनी बसतं, ते मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लानेच सुटतं. वाळवणं अर्धवट राहिलं तर औषधाचा मोठा भाग धुलाईतच जातो. डायक्लोरोमिथेनची बाटलीही लेबल वाचूनच घ्यावी; ते अमायलीन घालूनही येतं आणि अल्कोहोल घालूनही.