डिस्क गोल्फचा कोर्स कशामुळे रंगतो

मुंबईजवळच्या गोराईच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात रविवारी सकाळी आम्ही नऊ होलचा कोर्स मांडतो. त्यातला चौथा होल सगळ्यात लहान, जेमतेम 55 मीटर, आणि सगळ्यात जास्त चर्चा त्याच्याच टीवर, म्हणजे पहिली फेक जिथून टाकतात त्या जागी, होते. समोर दोन सुरूंच्या मधून एक अरुंद सरळ फट आहे. डावीकडून वळसा घालून जाणारी मोकळी वाट आहे. बास्केटच्या, म्हणजे डिस्क जिथे पोहोचवायची त्या जाळीच्या, मागे पाचेक पावलांवर उतार सुरू होतो तो थेट ओल्या वाळूत. फटीतून डिस्क गेली तर दोन फेकींत काम होतं, डावीकडून गेलात तर तीन जवळपास पक्के, आणि फटीतल्या झाडाला आपटली तर चारही होतात. आमच्यात सगळ्यात जोरात फेकणारा माझा भाचा इथे आल्यावर हातातला ड्रायव्हर, म्हणजे लांब जाणारी डिस्क, पिशवीत ठेवतो, जवळून टाकायचा पटर काढतो आणि बराच वेळ नुसता बघत उभा राहतो. हाच मुलगा दुसऱ्या होलवर, बनामागच्या 130 मीटरच्या सरळ मोकळ्या पट्ट्यावर, येतो, फेकतो आणि चालायला लागतो.

या दोन होलमध्ये जो फरक आहे, त्याच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नियम गोल्फचेच, फक्त चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. टीवरून फेकायचं, डिस्क जिथे पडली तिथून पुढचं फेकायचं, कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची. लांब जाण्यासाठी पातळ कडेचा ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, जवळून टाकायला पटर. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून पलीकडे नेऊन, मारला की डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग उतरला की शेवटी डावीकडे कलते. फोरहँड, म्हणजे हाताच्या त्याच बाजूने, मारला की बरोबर उलट. कोर्स आखणाऱ्याला हे कलणं कळलं नाही तर त्याचा कोर्स एकाच हाताच्या लोकांचा होऊन बसतो. सगळे होल डावीकडे वळणारे असतील तर उजव्या हाताच्या बॅकहँडवाल्याची चंगळ आणि डावखुऱ्याची दिवसभर ओढाताण.

या खेळाचं आजचं रूप बऱ्याच अंशी एड हेड्रिक या माणसामुळे आहे. व्हॅम-ओ कंपनीत असताना त्याने फ्रिस्बीची उड्डाणं स्थिर केली. पुढे 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा डिस्क गोल्फ कोर्स उभा राहिला, तेव्हा तिथे निशाण म्हणून नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायला तिथे पुरेपूर वाव होता. साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट त्याला 1977 मध्ये मिळालं. साखळीचा आवाज आला, डिस्क खाली जाळीत पडली, विषय संपला. आमच्याकडे बास्केट तीनच आहेत. मुंबईतल्या नागदेवीच्या बाजारातून साखळी आणून एका फॅब्रिकेटरकडून करवून घेतलेल्या. बाकी सहा ठिकाणी सुरूच्या बुंध्याला छातीइतक्या उंचीवर लाल फडकं बांधतो. त्यामुळे खांबांच्या काळातला 'लागली की नाही लागली' हा वाद आम्ही दर रविवारी ऐकतो, आणि बास्केटने या खेळाला किती शांतता दिली ते मला तिथे नीट कळतं.

माझा धाकटा भाऊ फिनलंडमध्ये तांपेरेला असतो. मी हा खेळ तिथे शिकले. त्या भागात या खेळाचं वेड इतकं आहे की 2025 ची व्यावसायिक जागतिक स्पर्धा तांपेरे आणि शेजारच्या नोकिया गावातच झाली. बहुतेक कोर्स फुकट. शाळा सुटल्यावर पोरं पाठीला पिशवी लावून जंगलात शिरतात, आजी-आजोबाही दिसतात. जंगल स्प्रूस, पाइन आणि बर्चचं, मधूनमधून शेवाळलेले मोठे दगड. फेअरवे म्हणजे झाडांतून काढलेली गल्ली.

तिथे एकाच दिवशी सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन जंगली कोर्स खेळले, तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन्हीकडे झाडं तितकीच दाट होती. सकाळच्या कोर्सवर प्रत्येक टीवरून एक वाट दिसायची, कधी दोन. वाट अरुंद असली तरी ती आखणाऱ्याने ठरवून ठेवलेली आहे हे जाणवायचं. झाडाला लागलं तर का लागलं ते कळायचं: हात उशिरा सुटला, डिस्क चुकीची निवडली, नको तितका जोर लावला. दुपारच्या कोर्सवर काही होल असे होते की समोर नुसती बुंध्यांची भिंत, वाट अशी नाहीच. उत्तम फेक झाडाला लागून मागे यायची आणि भलतीच वाकडी फेक दोन बुंध्यांना थडकून बास्केटपाशी जाऊन पडायची. तिथे चांगलं खेळून चार झाले काय आणि वाईट खेळून दोन झाले काय, मनाला काहीच लागत नाही. कोर्स अवघड असण्याला माझी अजिबात हरकत नाही. फेक आणि तिचं फळ यांचा संबंध तुटला की मात्र माझा रस संपतो.

याचं दुसरं टोक म्हणजे मोकळं मैदान. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या विंथ्रॉप विद्यापीठाच्या आवारातला कोर्स मी व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पाहिला आहे. 1999 पासून युनायटेड स्टेट्स डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप तिथेच भरते. तळं आहे, थोडी झाडं आहेत, पण बराच भाग उघडा. म्हणून तिथे दोऱ्या टाकून हद्द आखली जाते. दोरीपलीकडे डिस्क पडली की ओबी, म्हणजे एका फेकीचा दंड. आणि तिथला सतरावा होल! सुमारे 75 मीटर, पण उतरायची जागा गवताच्या गाठोड्यांनी वेढलेली. आत राहिलात तर बर्डी, म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा एक फेक कमी, समोर दिसते. बाहेर गेलात तर दंड घ्यायचा आणि, बरीच वर्षं चाललेल्या नियमानुसार, पुन्हा टीवरूनच फेकायचं. जगातले उत्तम खेळाडू, ज्यांना 75 मीटर म्हणजे हातचा मळ, ते तिथे पोहोचेपर्यंत आवंढे गिळतात.

दोरीवरून खेळाडूंमध्ये कायम दोन तट असतात. माझं मत असं, की जमिनीला मुळात जे सांगायचं आहे तेच दोरी ठळक करत असेल तर ती शोभते. तळ्याचा काठ, रस्त्याची कड, उताराचं तोंड. सपाट गवतावर मधोमध उगीच दोरीचं वेटोळं टाकलं की ती शिक्षा खेळाडूला शिक्षाच वाटते, प्रश्न वाटत नाही. सतराव्याची गाठोडी मला आवडतात कारण ती उभी आहेत, दिसतात, टीवरूनच सगळं सांगून टाकतात.

मॅसॅच्युसेट्समधला मेपल हिल हा कोर्स ख्रिसमसची झाडं वाढवण्याच्या शेतावर आहे. झाडांच्या रांगा, तळी, मग दाट रान. तिथली जी गोष्ट मला इथे उचलाविशी वाटते ती वेगवेगळ्या रंगांच्या टींची. बास्केट तीच, पण नवख्याची टी पुढे, सराईताची मागे. 90 मीटरचा होल पन्नास मीटर फेकणाऱ्या मुलीला एक प्रश्न विचारतो आणि 120 मीटर फेकणाऱ्याला दुसराच. दोघांना एकाच टीवर उभं केलं तर एकाला तो प्रश्न सोपा जातो आणि दुसरीला कळतच नाही. आमच्या दुसऱ्या होलचं दुखणं हेच आहे. 130 मीटर, सरळ, अडथळा काही नाही. आमच्यातलं कुणी एका फेकीत पोहोचत नाही आणि दोन फेकींत न पोहोचणारंही फारसं कुणी नाही. सगळ्यांचे तीन. चांगली फेकली तरी तीन, मध्यम फेकली तरी तीन. आखणीचा विचार करणारे लोक आकड्यांचा फैलाव बघतात तो यासाठीच: खेळणाऱ्यांचे दोन, तीन, चार असे वेगवेगळे आकडे येत असतील तरच त्या होलने काहीतरी निवडलं.

निसर्गसौंदर्य मोजावं की नाही? मी तर मोजते. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेलाव्हेगा कोर्सवर, जो 1984 पासून आहे, सत्ताविसावा होल टेकडीच्या माथ्यावरून खाली फेकायचा. त्याचं नावच 'जगाचा माथा', आणि स्वच्छ दिवशी तिथून माँटेरेचा उपसागर दिसतो. डिस्क उतारावर किती वेळ हवेत राहते ते बघणं हेच अर्धं सुख. आकड्यांच्या हिशेबात हे कुठे बसत नाही, पण घरी जाताना लोक त्याच होलबद्दल बोलत असणार.

आता मुंबई. इथे जागा कुणा एकाची नसते. शिवाजी पार्कात एका सामन्याचा सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. तिथे पावणेदोनशे ग्रॅमचा, धारदार कडेचा ड्रायव्हर फेकणं म्हणजे कुणाचं तरी डोकं फोडणं. अठरा होलला ढोबळमानाने अठरा एकर तरी लागतात, तेवढी जमीन या शहरात खेळासाठी मागायचीही सोय नाही. म्हणून आम्ही बोरिवलीहून फेरी बोटीने खाडी ओलांडतो, रिक्षा करतो आणि गर्दी व्हायच्या आत मांडतो, खेळतो, काढतो. आखणीतला माझा पहिला नियम झाडांचा नाही, माणसांचा आहे. कुठलीही फेक पायवाटेवरून जाणार नाही, दोन फेअरवे एकमेकांना छेदणार नाहीत, आणि बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या ओळी जिथून दिसतात त्या दिशेला एकही टी नाही. किनाऱ्यावर आमच्या आधीपासून काम करणाऱ्या बायका आहेत, त्यांनी मान वर करून बघावं लागता कामा नये.

आणि मग गोराईने जे दिलं ते कुठल्याच जंगलात मिळणार नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. मतलई वारे आणि खारे वारे फळ्यावर बाण काढून समजावते. सातव्या होलवर तेच बाण डिस्कखाली येतात. हा होल किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जातो, समुद्र डाव्या हाताला, पाण्याची कड ही ओबी. पहाटे वारा जमिनीकडून, म्हणजे उजवीकडून येतो. बॅकहँडची डिस्क शेवटी डावीकडे कलली की तिचं पोट वाऱ्याला मिळतं, वारा तिला उचलतो आणि समुद्राकडे नेतो. दहा-अकराला खारा वारा सुटला की तीच डिस्क, तोच हात, पण आता वारा पाठीवर येतो आणि तिला खाली दाबतो. ती लवकर पडते, पण कोरडी राहते. एकाच होलचे सकाळी आणि उन्हात दोन वेगळे होल होतात, आणि त्यासाठी मला एक दगडही हलवावा लागत नाही.

भरती-ओहोटीने तर आणखी मजा येते. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, भरती साधारण दुपारी बारा-एकला असते. म्हणजे सकाळी सहा-सातला ओहोटी तळाला आणि आम्ही खेळत असताना पाणी वर सरकत येतं. सातव्या होलचा फेअरवे डोळ्यांदेखत अरुंद होतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, उलट: सकाळी पाणी वर आणि खेळता खेळता ते मागे जातं, शिवाय चढउतारही कमी. त्यामुळे नवीन मुलांना आणायचं ते भांगाच्या रविवारी, आणि भाच्याच्या मित्रांची चुरस लावायची ती उधाणाच्या रविवारी. एक नियम मात्र कुठल्याही दिवशी बदलत नाही: घोट्याच्या वर पाण्यात कुणी जायचं नाही. बहुतेक डिस्क बुडतात, बुडू द्यात. म्हणून सातव्याला सगळे आपली जुनीच डिस्क काढतात. काहींनी हद्द खुंट्या ठोकून कायम करावी असं सुचवलं. मला ते पटत नाही. सगळे एकत्रच खेळतो, पाणी सगळ्यांसाठी तेवढंच वर आलेलं असतं, आणि टीवर उभं राहून 'आता किती जागा उरली आहे?' असं समुद्राकडे बघून ठरवावं लागणं हा त्या होलचा गाभा आहे.

राहिला दुसरा. पावसाळ्यानंतर बनाच्या मागची वाळू सरकते आणि पट्टा थोडा बदलतो, तेव्हा त्याची टी पंचवीसेक पावलं पूर्वेला नेऊन बघणार आहे. तिथून समोर तीन सुरूंचा एक झुबका येतो. त्याच्या उजवीकडून फोरहँडची जवळची वाट, डावीकडून लांबची पण मोकळी. बास्केट अलीकडे आणून 85 मीटरवर, आणि मुलांसाठी झुबक्याच्या अगदी बाजूला निळ्या फडक्याची पुढची टी, 50 मीटरची. झुबक्यातली एक फांदी फार खाली आहे. ती तोडायची नाही हे नक्की, त्यामुळे उजवीकडची वाट खरोखर वाट आहे की नुसता नशिबाचा खेळ, हे वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या हाताच्या लोकांनी फेकून बघितल्याशिवाय ठरणार नाही. डावखुरे आमच्यात कुणीच नाहीत. तुमच्यात कुणी असेल आणि दसऱ्यानंतरच्या एखाद्या भांगाच्या रविवारी लवकर उठायची तयारी असेल, तर जरूर या. डिस्क मी देईन.