कादिर्गाच्या उतारावरची मशीद

इस्तंबूलची निळी मशीद पाहून झाल्यावर मी हिप्पोड्रोमच्या, म्हणजे प्राचीन रथशर्यतींच्या मैदानाच्या, मागून समुद्राच्या बाजूला उतरू लागले. पाच-दहा मिनिटांतच गर्दी मागे पडली. खिडक्यांखाली वाळत घातलेले कपडे, किराणा दुकान, पायरीवर पेंगणारं मांजर. हा कादिर्गा मोहल्ला. कादिर्गा म्हणजे वल्ह्यांचं लढाऊ जहाज. एके काळी इथे बंदर होतं.

सोकोल्लू मेहमेद पाशाची मशीद इथेच आहे. बोस्नियातल्या खेड्यातून उस्मानी सुलतानाच्या चाकरीसाठी उचलून आणलेला हा मुलगा पुढे 1565 ते 1579, मारेकऱ्यानं भोसकेपर्यंत, मुख्य वजीर होता. त्याची बायको एस्माहान ही सुलतान दुसऱ्या सेलिमची मुलगी. तिच्या नावानं 1571-72 मध्ये ही मशीद उभी राहिली. बांधणारा सुलतानाचा मुख्य वास्तुकार मिमार सिनान, वय ऐंशीच्या आसपास.

जागा मात्र अडचणीची, तीव्र उताराची. तुम्ही जाल तेव्हा वळसा पडला तरी खालच्या दारानंच आत शिरा. सिनाननं मदरशाच्या वर्गाखालून जिना काढलाय. अंधाऱ्या पायऱ्या चढताना समोर आधी वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, हौद वर येतो, मग कमानींची ओसरी, मग घुमट. अडचणीच्या जागेचं त्यानं असं सोनं केलं!

आत 13 मीटर व्यासाचा घुमट सहा आधारांवर तोललाय. खांब भिंतींतच मुरवलेले, त्यामुळे प्रार्थनेचं दालन सलग मोकळं. इझनिक या गावच्या रंगीत चिनी मातीच्या फरशांचा मोठा साज फक्त किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीला, बाकी बराचसा दगड उघडा. म्हणूनच नजर तिथे खिळते. बाजूनं ऊन पडलं तेव्हा दिसलं, की फुलांमधला लाल रंग सपाट नाहीच. लोहयुक्त मातीचा तो थर वाळलेल्या कुंकवासारखा पृष्ठभागावर उठून आलाय. निळ्या मशिदीत हजारो फरशा पाहिल्या, पण असा लाल तिथे मला सापडला नाही.

निघताना दारावर पाहिलं. सोनेरी चौकटीत नखाएवढा काळा दगड. मक्केतल्या काबाच्या हज्र-ए-अस्वदचे, म्हणजे पवित्र काळ्या दगडाचे, तुकडे या मशिदीत बसवलेत, अशी श्रद्धा आहे. दारावरच्या या तुकड्याखेरीज एक मिहराबावर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, बाकीचे मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर.

अंगणाभोवतीच्या खोल्यांत मुलं कुराण पाठ करत होती. मी हौदाजवळ बसून राहिले. मधली सुट्टी झाली आणि ती सगळी नळांकडे धावत आली.