मी काहीच सांगितलं नव्हतं

आमच्या पुरवणीचं पान शुक्रवारी संध्याकाळी सातला सुटतं. मध्यंतरी काही महिने मी त्यात दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांवर लिहायचे, आठवड्याला एक पुस्तक, साडेपाचशे शब्द. या कामातली गोची अशी की पुस्तकात जे सगळ्यात भारी असतं नेमकं तेच लिहिता येत नाही. म्हणजे लग्नाला जाऊन आल्यावर सगळं सांगायचं, फक्त नवरी कोण ते सोडून.

तर त्या शुक्रवारी कॉपी पाठवून मी निवांत चहा घेत बसले होते. पुस्तकाचं नाव इथे सांगत नाही, का ते कळेलच. सहा-सव्वासहाला डेस्कवरच्या नव्या पोराचा फोन. हा पोरगा क्रिकेट सोडून काही वाचत नाही असा माझा पक्का समज.

"मॅडम, हेडिंगसाठी कॉपी वाचत होतो. खुनी तो अमुक आहे ना?"

बरोबर होतं. आणि त्याने ते पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, कशावरून?

"तुम्ही लिहिलंय घरात सात जण आहेत. कर्नल चिडका, डॉक्टर कर्जबाजारी, सगळ्यांना काहीतरी चिकटवलंय. एकाचं नुसतं नाव. तुम्ही तर मागच्या वेळी मांजराला पण विशेषण दिलेलं."

"अरे पण भाची? इन्स्पेक्टर?"

"नॉक्सचा नियम तुम्हीच दिलाय ना वर!"

दिला होता खरा. रोनाल्ड नॉक्स हा कॅथलिक पाद्री, स्वतः रहस्यकथा लिहायचा, त्याने १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम मांडले. पहिलाच असा की गुन्हेगार वाचकाला सुरुवातीलाच भेटलेला हवा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळतात असा माणूस तो नसावा. मी हौसेने लिहून बसले होते की लेखकाने हा नियम इमानेइतबारे पाळलाय. इन्स्पेक्टर उशिरा येतो म्हणून बाद, भाचीच्या डायरीचं मी तोंडभरून कौतुक केलेलं म्हणून ती बाद. उरलेल्यांत एकालाच मी हात लावला नव्हता, जळेल म्हणून.

पान सुटायला चाळीस मिनिटं. आधी मी त्याला 'विश्वासू' करून पाहिला, फोनवरच हसला कार्टा. 'शांत' केला तर अजूनच वाईट, रहस्यकथेत शांत माणसाइतका संशयास्पद कोण असतो! शेवटी सात जणांचा अख्खा परिच्छेद उडवला, नॉक्सही उडवला, आणि पानावर शंभरेक शब्दांचं भगदाड पडलं. ते बुजवायला मग त्याच काळातल्या रहस्यकथा लेखिका डोरोथी सेयर्सबाई आल्या धावून, त्यांनी स्वतः १९३३ ते १९३५ 'संडे टाइम्स'मध्ये रहस्यकथांची परीक्षणं लिहिली होती, ते टाकलं. शिवाय १९३० मधला त्यांचा तो लंडनचा रहस्यकथा लेखकांचा डिटेक्शन क्लब, ज्यात नवीन मेंबरला शपथ घ्यावी लागायची की माझा डिटेक्टिव्ह स्वतःच्या डोक्याने गुन्हा उलगडेल, दैवी साक्षात्कार, योगायोग वगैरेंवर विसंबणार नाही. शपथेला एक कवटीपण होती, तिचं नाव एरिक. कवटीमुळे शब्द बरोबर बसले.

सात वाजून चार मिनिटांनी पान गेलं. मला उशिराबद्दल बोलणी बसली, पोराला नाही.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम अँथनी बर्कलीचं 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' घेतलं. त्यात विषारी चॉकलेटांनी एक बाई मरते, आणि सहा जणांचं एक मंडळ त्या एकाच खुनाची एकेक करून सहा उत्तरं मांडतं. म्हटलं आता बघते कसा ओळखतो. या वेळी कोणाला एक विशेषण नाही, नावं नाहीत, काही म्हणजे काही नाही, सरकारी परिपत्रक वाटावं इतकं कोरडं लिहिलं.

कॉपी पाठवून दहा मिनिटं झाली नाहीत तर व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज. नुसता एक आकडा, आणि खाली डोळा मारणारी स्मायली.

बरोबर होता की चूक ते इथे लिहीत नाहीये. तो हेही वाचतो.