लयकारिका, रिक्तिका आणि पेशीतलं विषाचं खातं

लयकारिका (लायसोसोम) म्हणजे पेशीतली ‘आत्मघाती पिशवी’, हे शाळेत सगळ्यांचं पाठ होतं. पिशवी फुटते, विकरं (एन्झाइम) सांडतात आणि पेशी स्वतःलाच पचवते. वाक्य नाट्यमय आहे, पण त्यात सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) कुठेच येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

लयकारिकेच्या आत सामू साधारण ४.५ ते ५, बाहेर पेशीद्रव्यात ७.२ च्या आसपास. म्हणजे आत हायड्रोजन आयन शंभरपटीहून जास्त. प्रथिनं, मेद, शर्करा, न्यूक्लिक आम्लं तोडणारी आतली पन्नास-साठ विकरं बहुतेक या आम्लातच जोमाने चालतात. त्यामुळे एखाददुसरी लयकारिका गळली, तर बाहेर आलेली विकरं बरीचशी थंडावतात. एकदम पुष्कळ फुटल्या तरच पेशीच्या जिवावर बेततं.

ही आम्लता आपोआप टिकत नाही. लयकारिकेच्या पटलातले, म्हणजे आवरणातले, पंप पेशीचं इंधन असलेलं एटीपी खर्चून हायड्रोजन आयन सतत आत ढकलत असतात. हिवतापावरच्या क्लोरोक्विनसारखं दुर्बल आम्लारी औषध पटलातून आत शिरतं, तिथे हायड्रोजन आयन उचलतं आणि भारित झाल्यामुळे आतच अडकतं. सामू चढतो, पचन मंदावतं.

लयकारिकेचा शोधही पटलामुळेच लागला. बेल्जियन जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन डी ड्यूव्ह यांच्या प्रयोगशाळेत उंदराचं यकृत वाटून त्यातलं आम्ल फॉस्फटेज हे विकर मोजलं, तर क्रिया अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. तोच नमुना काही दिवस थंडीत ठेवून पुन्हा मोजला, तर ती वाढलेली. विकर पटलाआड बंद होतं. पटल खराब झालं तेव्हा बाहेर आलं. लायसोसोम हे नाव १९५५ चं.

विकरं योग्य पत्त्यावर पोचतात ती गॉल्जी संकुलात (पेशीतल्या माल पाठवणाऱ्या अंगकात) लागणाऱ्या मॅनोज-६-फॉस्फेटच्या खुणेमुळे. ही खूण लावणारं विकर सदोष असेल तर आय-सेल नावाचा आजार होतो. पचवणारी विकरं तयार होतात, पण लयकारिकेत न जाता पेशीबाहेर रक्तात जातात. आत कचरा साचतो, रक्तात मात्र विकरं भरपूर! एकच विकर बिघडलं तर एकच पदार्थ साचतो: पॉम्पे आजारात ग्लायकोजेन, टे-सॅक्समध्ये चेतापेशींत एक विशिष्ट मेद. पेशीचं नुकसान इथे फुटण्याने होत नाही, तुंबण्याने होतं.

वनस्पतीपेशीत पचन आणि साठवण बरेचदा एकाच अंगकाकडे असते. प्रौढ पेशीत मध्यवर्ती रिक्तिका (पाणीदार रसाने भरलेली मोठी पिशवी) आकारमानाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग व्यापते. शर्करा, क्षार, रंगद्रव्यं, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, नकोशी विषारी द्रव्यं, सगळं तिच्यात. पाणी कमी झालं की तिचा दाब उतरतो आणि पान मान टाकतं.

प्राण्यांच्या पेशीत विष निकामी करण्याचं काम मुख्यतः परॉक्सिसोम आणि मृदू आंतर्द्रव्यजालिका या दोन अंगकांत वाटलेलं आहे. परॉक्सिसोम या छोट्या पिशवीत मेदाम्लं तोडताना हायड्रोजन परॉक्साइड तयार होतं आणि तिथलंच कॅटलेज हे विकर त्याचं पाणी व ऑक्सिजन करतं. यकृतपेशीतल्या मृदू आंतर्द्रव्यजालिकेवर (पटलांच्या जाळ्यावर) सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं असतात; मेदात विरघळणाऱ्या औषधांना ती ऑक्सिजन जोडतात, म्हणजे पुढे ती औषधं पाण्यात विरघळून लघवीवाटे जाऊ शकतील. फेनोबार्बिटल हे फिट्सवरचं औषध चालू असेल तर काही दिवसांत ही जालिका चक्क वाढते. औषध थांबवलं की जादा पटलं लयकारिकाच पचवून टाकतात.

हेच यंत्र कधी उलटं पडतं. पॅरासिटामॉलचा थोडा अंश पी-४५० मुळे अधिक विषारी रूपात बदलतो. नेहमीच्या मात्रेत ग्लुटाथिओन हा पेशीतला संरक्षक रेणू त्याला लगेच बांधून टाकतं. मात्रा खूप जास्त झाली तर ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि ते विष यकृतपेशीतल्या प्रथिनांनाच चिकटतं. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध हा साठा पुन्हा भरायला मदत करतं, म्हणून ते पहिल्या ८ तासांत मिळालं तर सर्वांत प्रभावी ठरतं. सुरुवातीला रुग्ण ठणठणीत दिसला तरी वाट पाहायची नसते.