आधी हत्तीला हात लागला

सांगलीतल्या एका बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धेत मी पंच होतो. दुसऱ्या फेरीत एका बोर्डापाशी माझे पाय थबकले. पांढऱ्याकडे दहा वर्षांचा मुलगा, समोर साठीचे काका, आणि पटावर किंग्ज गॅम्बिट! दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं एफ-४ वर सरळ देऊन टाकायचं. १९६० मध्ये सोव्हिएत स्पास्कीनं यानंच अमेरिकेच्या फिशरला हरवलं. पुढच्या वर्षी फिशरनं ही ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, मोडीत निघाल्याचा लेखच लिहिला. मोठे खेळाडू तिला जपूनच हात घालतात. पोरानं मात्र बिनधास्त घातला होता.

काकांनी प्यादं मारलं, जी-५, मग जी-४ करून घोड्यावर चाल केली. इथे घोडा तसाच सोडून कॅसलिंग करतात, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवतात, तो मुझिओ गॅम्बिट. मुलाला ते पाठ होतं. पण घाईत त्यानं आधी एच-१ चा हत्ती उचलून एफ-१ वर ठेवला आणि मग राजाला हात घातला. काकांनी घड्याळ थांबवून हात वर केला.

"सर, मला कॅसलिंगच करायचं होतं."

"कळतंय बाळा. पण आधी हत्तीला हात लागला. हत्तीचीच चाल धरावी लागेल."

डोळे भरले त्याचे. नियम फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा आहे, दहा वर्षांच्या मुलालाही तोच, आणि तो तसाच असायला हवा. तरी सांगताना माझा घसा कोरडा पडला.

मुलाचा राजा मधेच अडकला. काकांनी घोडा मारला, मुलानं वजिरानं प्यादं मारलं. आता काकांना एच-४ वर वजिराचा शह मिळत होता. कॅसलिंग झालं असतं तर तिथून शह बसलाच नसता. काकांनी तो दिला. मुलानं जी-३ केलं. काकांनी एफ-४ वरच्या प्याद्यानं ते मारलं, आणि इतका वेळ मुलाच्या वजीर-हत्तीपुढची एफ पट्टी अडवून बसलेलं प्यादंच बाजूला झालं.

मुलगा एकदम ताठ बसला. वजीर एफ-७, शह. राजा डी-८. वजीर एफ-८. नवव्या चालीला मात.

काकांनी उठून हात मिळवला. "तो शह मी द्यायलाच नको होता रे," म्हणाले, आणि त्याच्याबरोबर पुन्हा सोंगट्या लावायला बसले.

सही केलेली स्कोअरशीट माझ्या हातात देताना मुलगा हळूच म्हणाला, "सर, आधी राजा."