मयताचे बटाटे

आमच्या फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात फॉइलमध्ये गुंडाळलेली एक वीट आहे. वर मास्किंग टेप आणि त्यावर माझ्या अक्षरात 'फ्युनरल पोटॅटोज'. परवा व्हिडिओ कॉलवर मटार शोधताना आईच्या नजरेला ते पडलं. "फ्युनरल? अगं, कुणी गेलेलं नाही आणि तू आधीच करून ठेवतेस? काढ ते घरातून."

इथे अमेरिकेतल्या युटामध्ये चीज-क्रीम घालून भाजलेल्या बटाट्यांच्या या पदार्थाचं नावच ते. कुणाच्या घरी मयत झालं की मॉर्मन चर्चच्या रिलीफ सोसायटी या महिला संस्थेच्या बायका (ही संस्था १८४२ची आहे) दफनानंतरच्या जेवणाला हे घेऊन जातात. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिम्पिक झालं, तेव्हा या बटाट्यांची, कपड्यावर लावायची बिल्ल्यासारखी पिनसुद्धा निघाली होती. मला शिकवलं शेजारच्या आजींनी. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात जातो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "पिठलं फ्रीझ होतं का?" नाही होत. गरजही नाही, ते पंधरा मिनिटांत होतं. हे मात्र तास-दीड तासाचं काम, म्हणून आधी करून ठेवायचं.

बटाटा मुळात फ्रीजरचा वैरी. कच्चा ठेवला तर काळा पडतो, उकडलेल्या फोडी ठेवल्या तर नंतर पाणी सुटून रवाळ लागतात. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून ताजे बटाटे किसले होते. जे निघालं ते राखाडी होतं. दुकानातल्या फ्रोझन हॅश ब्राउनचं तसं होत नाही, कारण तो कीस आधीच वाफवलेला असतो. हो, कीसच. उपासाला करतो तोच, फक्त पिशवीतला.

एक पिशवी म्हणजे ३० औंस, साधारण ८५० ग्रॅम. त्यात दोन कप सावर क्रीम, दोन कप किसलेलं चेडर, अर्धा कप वितळलेलं लोणी, बारीक चिरलेला कांदा आणि एक डबा घट्ट सूप. इथले लोक चिकनचं घालतात, मी मशरूमचं. नुसतं सावर क्रीम गोठवून तापवलं की फाटतं. सुपातल्या पिठामुळे ते बऱ्यापैकी धरून राहतं. मी तीन हिरव्या मिरच्या आणि जिरंही घालते. मयताला नेताना नाही, घरच्यासाठी. मूळ चव आजाऱ्याच्या पथ्यासारखी आहे, हे आजींना अजून सांगितलेलं नाही.

९ बाय १३ इंची ट्रेमध्ये आधी फॉइल अंथरायचं, त्यात मिश्रण दाबून भरायचं, दगडासारखं झालं की फॉइलसकट उचलून गुंडाळायचं. ट्रे मोकळा. दोन-तीन महिने खुशाल राहतं. वरचा कॉर्नफ्लेक्सचा लोण्यातला चुरा मात्र भाजायच्या दिवशीच, नाहीतर त्याचा लगदा होतो. आदल्या रात्री वीट फ्रीजमध्ये उतरवायची. दुसऱ्या दिवशी ३५० फॅरनहाइटला झाकून पाऊण तास, मग चुरा घालून उघडं वीस मिनिटं. मधोमध १६५ अंश फॅरनहाइट झालं पाहिजे. कडा खदखदतात आणि पोटात बर्फ राहतो. काचेचं भांडं फ्रीजरमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये घालू नका. माझं तडकलं आणि काचा वेचता वेचता संध्याकाळ गेली.

आजींचा आणखी एक नियम. दुःखाच्या घरी परत करावं लागेल असं भांडं न्यायचं नाही. त्यांनी ते घासायचं कधी आणि कुणाचं कुठलं ते लक्षात ठेवायचं कधी? म्हणून नेताना ॲल्युमिनियमचा, फेकून द्यायचा ट्रे.

फेब्रुवारीत आजींचेच यजमान गेले. फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. मी वीट काढून ट्रेमध्ये ठेवली, फ्रीजमध्ये सरकवली आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या टेबलावर होती.

महिन्याभराने दाराबाहेर तोच ट्रे. घासूनपुसून स्वच्छ केलेला, एक कोपरा चेपलेला, आत घरी भरलेली पीचची बरणी. आईला फोटो पाठवला. तिचा उलट निरोप आला: "रिकामा नाही ना दिला? मग ठीक." लेबलाबद्दल तिचं मत अजून तेच आहे. नव्या विटेवर मी नुसतं 'बटाटे' लिहिलंय.